ती पोलिसांकडे का जात नाही?

शाईडाग

गेली दोन वर्षं मी एक कुमार-रहस्यकादंबरी लिहितेय. (यंग अडल्टला 'कुमार' म्हणायचं, 'किशोर' म्हणायचं की आणखी काही, यासाठी हवं तर या मंचावर चर्चेचा वेगळा धागा काढा. इथे नको, हात जोडते.) कच्चा खर्डा पूर्ण झालाय आणि तीन जणांना वाचायला दिला होता. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. तरी तिघांनीही जवळजवळ त्याच पानावर समासात तोच प्रश्न लिहून पाठवला: ती सरळ पोलिसांकडे का जात नाही?

गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे बोलता येईल.

ईरा, वय सोळा. तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. वापरात नाही, शोभेचा, पण मौल्यवान. एका सकाळी कपाट रिकामं, आणि रात्रपाळीचे रखवालदार काकाही बेपत्ता. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ते आदल्या रात्री सव्वाआठला पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसतात, परत येताना दिसत नाहीत. सगळ्यांचा हिशोब तिथेच जुळतो. ईराचा मात्र विश्वास बसत नाही. लहानपणापासून ती काकांना ओळखते. ती त्यांच्या खोलीत शिरते, तर खोली आवरलेली, भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्यावर थांबलेलं, उशाखाली घडी घातलेला चष्मा, चकचकीत काड्या, आणि चपलांचा जुना जोड दाराशी. चष्म्याशिवाय काकांना दोन हातांवरचं दिसत नाही. पळून जाणारा माणूस चष्मा विसरेल? तिथून तिचा तपास सुरू होतो.

आता तिघांचं म्हणणं असं की, चष्मा सापडला ना, मग उचल आणि पोलिसांना दे. कादंबरी चाळिसाव्या पानावर संपली.

मी केलेले उपाय: (१) इन्स्पेक्टरला मठ्ठ केलं. (२) आईवडिलांना लांबच्या लग्नाला पाठवलं. (३) फोनची बॅटरी संपवली. तिन्ही उपाय माझे मलाच खोटे वाटतात. जाणकारांनी काहीतरी सुचवा.

घुबड

वाचतोय. तूर्तास जागा धरून ठेवतो.

तिरपा_डोळा

मला हा प्रश्नच पटत नाही. हा प्रकारच असा आहे. वाचक पुस्तक उघडतो तेव्हाच त्याने मान्य केलेलं असतं की सोळा वर्षांची मुलगी तपास करणार आणि मोठी माणसं बाजूला बसणार. नाटकात तीन भिंतींची खोली आपण मान्य करतोच ना? चौथी भिंत कुठे गेली असं कोणी विचारत नाही. तुमचे तीन वाचक जरा जास्तच शहाणे आहेत, बदला त्यांना.

मागोवा

तिरपा_डोळा, तिघांनी एकाच पानावर विचारलं म्हणजे तिथे भिंत नाही, भगदाड आहे.

शाईडाग, तुमचे तिन्ही उपाय एकाच जातीचे आहेत हे बघा. तिन्हींमध्ये अडथळा बाहेरून आलाय. इन्स्पेक्टर मठ्ठ, आई गावाला, फोन बंद. यातलं काहीच ईराचं नाही. तिच्या जागी दुसरी कुठलीही मुलगी ठेवली तरी गोष्ट तशीच पुढे जाईल.

उलट उदाहरण देतो. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाचं 'एमिल आणि गुप्तहेर', १९२९ सालचं. (रहस्यभेद होणार आहे, पण पुस्तक नव्वदी ओलांडून गेलंय, माफी असावी.) एमिल हा विधवा आईचा मुलगा. आई घरी बायकांचे केस धुऊन, विंचरून पोट भरते. तिने त्याच्याजवळ १४० मार्क दिलेत (१२० आजीला द्यायला, बाकी त्याच्यासाठी) आणि आगगाडीत त्याला झोप लागली असताना ते चोरीला जातात. समोर बसलेला गोल हॅटवाला माणूस गायब. अगदी सरळ मामला आहे. पोलिसांकडे जायचं. पण एमिल जात नाही. का? कारण निघण्यापूर्वी काही दिवस त्याने गावातल्या एका ग्रँड ड्यूकच्या पुतळ्याचं नाक लाल रंगवून त्याला मिशा काढल्या होत्या. त्याला वाटतं, पोलिसांसमोर गेलो की आधी मलाच धरतील.

बघा हं, मोठ्यांच्या दृष्टीने हे कारण हास्यास्पद आहे. पोलिसांना त्या पुतळ्याचं काही पडलेलं नाही. पण त्या वयात ते कारण पर्वताएवढं असतं. लेखकाने पोलिसांना मठ्ठ केलं नाही, की आईला मारलं नाही. मुलाच्या खिशात एक छोटा गुन्हा ठेवला, बस्स. पुढची सगळी बर्लिनभरची धावपळ त्या मिशांवर उभी आहे.

ईराच्या खिशात काय आहे?

घुबड

+१. शेवटची ओळ चौकटीत लावण्यासारखी.

एमिलमधला पुरावासुद्धा बघा. चोरी होऊ नये म्हणून त्याने नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवल्या होत्या. शेवटी बँकेत त्या नोटांना पडलेली टाचणीची भोकंच चोराला पकडून देतात. म्हणजे पुरावासुद्धा मुलाच्या भीतीतून जन्माला आला. प्रयोगशाळा नको, भिंग नको.

जुनी_वही

धागा आवडला. आईवडिलांना लग्नाला पाठवण्यावरून आठवलं, या प्रकारात पालकांची फार कत्तल झालीय! अमेरिकी पुस्तकांतली मुलगी-गुप्तहेर नॅन्सी ड्रू, तिची आई पहिल्यापासूनच नाही. १९३० साली पहिली तीन पुस्तकं एकदम आली तेव्हापासून घरात वडील (तेही वकील, म्हणजे प्रकरणं घरपोच) आणि घर सांभाळणारी बाई. तशीच दुसरी मुलगी-गुप्तहेर फ्लाविया द लूस, तिची आई डोंगरात हरवलेली. शेरलॉकची धाकटी बहीण एनोला होम्स, तिची आई तिच्या चौदाव्या वाढदिवशीच घर सोडून जाते. ज्यांना मारायचं नाही त्यांना सुटीत मामाकडे नाहीतर वसतिगृहात पाठवतात. आपला फास्टर फेणे ऊर्फ बन्यासुद्धा फुरसुंगीचा, पण शिकायला पुण्यात, विद्याभवनात. घर लांब, पायात सायकल, तोंडात 'ट्टॉक'. भा. रा. भागवतांनी एवढ्या तीन गोष्टींत पोराला मोकळं केलं.

माझ्या मते पालकांपेक्षा वाहन महत्त्वाचं. गंमत वाटेल, पण बघा. नॅन्सीची निळी मोटार, हार्डी बंधू या गुप्तहेर भावांच्या मोटारसायकली, बन्याची सायकल. तपास म्हणजे शेवटी इकडून तिकडे जाणं, आणि त्या वयात जाण्यासाठी परवानगी लागते. वाहन ही परवानगीच आहे. नॅन्सी मूळ पुस्तकांत सोळा वर्षांची होती. १९५९ पासून जुनी पुस्तकं नव्याने लिहून काढली तेव्हा तिला अठराची केली, कारण तोवर गाडी चालवायचं वय बऱ्याच ठिकाणी वाढलं होतं. नायिकेचं वय वाहनाच्या परवान्यावर ठरलं!

(अवांतर: नॅन्सीची लेखिका म्हणून छापलेलं कॅरोलिन कीन हे नाव काल्पनिक. सुरुवातीची बहुतेक पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट यांनी लिहिली, पुस्तकामागे १२५ डॉलर घेऊन आणि हक्क सोडून. कितीतरी वर्षं वाचकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. रहस्यकथेच्या लेखिकेचंच रहस्य.)

तिरपा_डोळा

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. आई मारा, मोटार द्या, पुढे चला. शंभर वर्षं चाललंय आणि खपतंय.

मागोवा

खपतंय हे खरं. पण एनोलाचं उदाहरण नीट बघा, ते तुमच्या विरुद्ध जातं. तिथे आईचं जाणं हेच कोडं आहे. आणि एनोला मोठ्या माणसांकडे जात नाही, कारण मोठी माणसं म्हणजे तिचे दोन भाऊ, आणि त्यांना तिला निवासी शाळेत डांबायचंय. त्यातला एक भाऊ जगातला सगळ्यात हुशार गुप्तहेर. म्हणजे मदत मागायची सर्वांत योग्य जागा हीच सर्वांत धोक्याची जागा. आई काढून टाकली ती सोयीसाठी नाही, ती जखम आहे.

अलीकडचं घ्या. होली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर', २०१९. त्यातल्या नायिकेला, पिपला, आई आहे, सावत्र बाबा आहेत, धाकटा भाऊ आहे, कुत्रा आहे. घर भरलेलं, माणसं प्रेमळ. कोणालाही मारलेलं नाही, कुठे पाठवलेलं नाही. मग ती पोलिसांकडे का जात नाही? कारण पोलिसांच्या लेखी प्रकरण पाच वर्षांपूर्वीच संपलंय. गुन्हेगार ठरलाय, तो हयात नाही, फाइल बंद. पिप शाळेचा प्रकल्प म्हणून ते उघडते. शाळेचा प्रकल्प! कोणाच्याही दारात जाऊन प्रश्न विचारायला याहून निरुपद्रवी सबब नाही. वाहनाची परवानगी जुनी_वहींनी सांगितली, ही प्रश्न विचारायची परवानगी.

खाकीघर

वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे राहवत नाही. रहस्यकथेतला मठ्ठ इन्स्पेक्टर बघितला की आमच्या घरी टीव्ही बंद व्हायचा.

खरा अडथळा मठ्ठपणाचा नसतो, कामाच्या ओझ्याचा असतो. समोर वीस प्रकरणं आहेत, त्यातल्या एकात कॅमेऱ्यात माणूस पिशवी घेऊन जाताना दिसतोय. तो अधिकारी हुशार असला तरी आधी त्या माणसाच्या मागेच जाणार, आणि ते बरोबरच आहे. त्याला हुशार ठेवा, दमलेला ठेवा. चहा पाजून ईराचं सगळं ऐकून घेईल, वहीत लिहूनही घेईल, आणि तरी काही होणार नाही. ते मठ्ठपणापेक्षा जास्त लागतं.

दुसरं म्हणजे, चष्मा उचलल्याक्षणी ईराने त्याची किंमत घालवलीय. जागेवर असताना तो पुरावा होता. दप्तरात गेला की तो फक्त चष्मा. कुठे होता, कसा होता, कोणी ठेवला, याला साक्षीदार फक्त तीच. आणि या पोरांना रुमालाने वस्तू उचलायची फार हौस! रुमालाने ठसे राहत नाहीत, उलट असलेले पुसले जातात. मूल हुशार दाखवायचं असेल तर त्याला वस्तू उचलू देऊ नका, फोटो काढू दे. शेजारी मोजपट्टी ठेवून काढला तर मी शिट्टी मारीन.

शाईडाग

खाकीघर, मी बरोब्बर रुमालच लिहिलाय. :(

मागोवा, "ईराच्या खिशात काय आहे" हे वाचून काल रात्री झोप नाही. तिच्या खिशात काहीच नाही, हाच घोळ आहे. मी तिला फार चांगली मुलगी केलीय. हुशार, न्यायप्रिय, वक्तृत्वात पहिली. वाचताना मलाच कंटाळा येतो हे आत्ता कबूल करते.

दप्तर

नमस्कार. मी पंधरा वर्षांची आहे. ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिता ती मी. आत्तापर्यंत सगळे मोठेच बोलतायत म्हणून लिहिते.

आम्ही पोलिसांकडे जात नाही, कारण पोलीस आईला फोन करतील. बस. एवढंच कारण आहे. खुनी पकडला जाईल की नाही हे नंतर, पण आईला फोन जाणार हे नक्की. आणि मग "तू तिथे काय करत होतीस" हा प्रश्न येणार. कुठल्याही गोष्टीत मुलं जिथे पुरावा सापडतो तिथे असायलाच नको असतात. असायला हवी त्या जागी पुरावे सापडत नाहीत.

आणखी काय आवडत नाही ते पण सांगते. चाळीस वर्षांच्या काकूंसारखं बोलणारी मुलगी. टोळीत एकजण कॉम्प्युटरवर काहीही करू शकतो, तो मुलगा. (आमच्या वर्गात असा कोणी नाही. पासवर्ड म्हणून स्वतःची जन्मतारीख ठेवणारे आहेत.) शेवटी गुन्हेगार उभा राहून दहा पानं स्वतःची गोष्ट सांगतो. आणि पाठलाग चालू असताना मध्येच त्याचे डोळे किती खोल आहेत याचं वर्णन. पाठलाग करा ना.

घुबड

दप्तर, धागा इथेच बंद करायला हरकत नाही. "असायला हवी त्या जागी पुरावे सापडत नाहीत" हे आम्हाला चाळीस पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

जुनी_वही

चाळीस वर्षांच्या काकूंनी वाचलं. राग नाही.

शाईडाग

सापडलं बहुतेक. चार दिवस डोक्यात घोळवून लिहितेय, फोडून काढा.

त्या संध्याकाळी ईरा स्वतः प्रयोगशाळेत होती. तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत टायट्रेशनचे (द्रावण थेंबथेंब सोडून मोजायच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगाचे) आकडे खोटे आहेत, मैत्रिणीचे उतरवलेले. दुसऱ्या दिवशी वही तपासणार. काकांकडून तिने साडेसातला किल्ली मागून घेतली. त्यांनी नियम मोडून दिली, कारण तिला लहानपणापासून ओळखतात. ती एकटीने प्रयोग करत बसली आणि निघताना घाईत दार ओढून घेतलं, कुलूप लावलंच नाही. किल्ली अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

म्हणजे दार तिच्यामुळे उघडं राहिलं. काकांवर आळ आलाय तो निम्मा तिचा आहे. पोलिसांकडे गेली तर पहिलं वाक्य हेच बोलावं लागेल.

मागोवा

हे पुतळ्याच्या मिशांपेक्षा जड आहे. जमलं.

तिरपा_डोळा

मी विरोधी पक्षात आहे पण हे आवडलं. एकच शंका. आता मुलगी गप्प बसते आणि निरपराध माणूस चोर ठरतो. दोनशे पानं ती गप्प राहिली तर मला तिचा रागच येईल. प्रेमप्रकरण लपवणारी नायिका परवडली, तिच्या गप्प बसण्याने कोणाचं वाटोळं होत नाही.

खाकीघर

तिरप्या डोळ्याला सरळ दिसलं म्हणायचं. (हलके घ्या.) सहमत. म्हणून तिला जाऊ द्या की पोलिसांकडे!

मागोवा

हेच लिहायला आलो होतो. आपण सगळे "का जात नाही" यात अडकलोय. जाऊ दे. मध्यावर जाऊ दे आणि जाऊन बिघडू दे.

मार्क हॅडनच्या २००३ सालच्या कादंबरीत ('द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम', कुत्र्याचा खून, पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर) पोलीस पहिल्या काही पानांतच येतात. पण ख्रिस्तोफरला कोणी अंगाला हात लावलेला सहन होत नाही. पोलीस त्याला धरतो, तो पोलिसाला मारतो आणि कुत्र्याला मारणाऱ्याऐवजी तोच कोठडीत जातो. लेखकाने प्रश्न टाळला नाही, पहिल्याच फटक्यात खर्च करून टाकला. त्यानंतर "पोलिसांकडे का जात नाही" असं कोण विचारील?

ईरा जाईल, सगळं खरं सांगेल, आणि हुशार, दमलेला अधिकारी विचारेल: म्हणजे सव्वाआठला काका बाहेर पडले तेव्हा किल्ली तुझ्याकडे होती?

घुबड

ओह. ओहो. म्हणजे आता संशयित तीच.

शाईडाग

हातावर काटा आला. थांबा, अजून एक आहे. प्रयोग करताना तिने ब्युरेटच्या (द्रावण मोजायच्या खुणांच्या काचनळीच्या) आकड्याचा फोटो काढला होता, वहीत उतरवायला. त्या फोटोत मागे काचेचं कपाट दिसतं. सूक्ष्मदर्शक आत. वेळ आठ चाळीस. काका सव्वाआठलाच गेलेत. म्हणजे एकाच फोटोने काका सुटतात आणि ती अडकते!

दप्तर

मग फोटो दाखवून टाक ना, असं वाचताना वाटेल. तिने तो फोटो मैत्रिणीला पाठवला असेलच. आम्ही सगळं पाठवतो.

खाकीघर

पाठवला असेल तर छानच. मेसेजच्या अॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कधी काढला ही आतली माहिती सहसा गळून पडते. मैत्रिणीकडे चित्र आहे, पण वेळ नाही. तिच्याकडे जी वेळ दिसते ती मेसेज कधी पोचला याची. मूळ फाइलमध्ये माहिती असते, आणि मूळ फाइल ईराच्या फोनमध्ये. तो फोन कुठे आहे?

शाईडाग

आईने परीक्षेपर्यंत काढून घेतलाय. खोटे आकडे पकडले गेले म्हणून.

(लग्नाला गेलेली आई परत आली. तिला आता कुठेही पाठवणार नाही.)

जुनी_वही

वा! बॅटरी संपवण्याची गरजच उरली नाही. फोन जागेवर आहे, चालू आहे, फक्त मागायला तोंड नाही.

तिरपा_डोळा

आता मुख्य अडचण. फोटो वाचकाला कधी दाखवणार? शेवटी अचानक काढलात तर मी पुस्तक फेकेन. रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच आज विनोदी वाटतात. पण गुप्तहेराला सापडलेला दुवा लगेच वाचकासमोर ठेवावा, ही अजून पाळावी लागते. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये अशीही आज्ञा होती, ती तुम्ही अर्धी मोडलीतच.

मागोवा

फोटो पहिल्या प्रकरणातच दाखवायचा. लपवायचा नाही, गर्दीत उभा करायचा. यावर थोडं सविस्तर लिहितो कारण नवे लेखक इथे हमखास घसरतात.

दुवा लपवायची सगळ्यात वाईट जागा म्हणजे परिच्छेदाचा शेवट. शेवटचं वाक्य वाचकाच्या डोक्यात वाजत राहतं. पहिलं वाक्यही तसंच. मध्ये ठेवा. चार वस्तूंची यादी करा आणि दुवा दुसरा किंवा तिसरा ठेवा. त्याच्या पाठोपाठ काहीतरी घडू द्या: फोन वाजू दे, कोणी रडू दे, कोणी वाईट विनोद करू दे. वाचकाचं लक्ष भावनेकडे वळतं आणि वस्तू मागे पडते.

याहून चांगली युक्ती म्हणजे दुव्याला भलतंच काम देणं. ब्युरेटचा फोटो वाचकाने बघायचा तो खोट्या आकड्यांच्या अपराधासाठी. त्याला वाटलं पाहिजे की या फोटोचं काम झालं. ज्या वस्तूचं काम झालंय तिच्याकडे वाचक पुन्हा बघत नाही.

आणि गुप्तहेरानेही तो चुकीचा वाचावा. सोळाव्या वर्षी माणूस एक गोष्ट पटकन ठरवतो आणि तिच्यावर बाकी सगळं रचतो. वाचक तिच्यासोबत चुकला, तर तो लेखकावर चिडत नाही.

घुबड

यासाठी मला तोपशे फार आवडतो. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात फेलुदा आणला, तेव्हा गुप्तहेर मोठा आणि सांगणारा त्याचा नात्यातला किशोरवयीन भाऊ. तोपशे सगळं बघतो, सगळं प्रामाणिकपणे सांगतो, पण काय महत्त्वाचं ते त्याला कळत नाही. कुमार वाचकाला तीच खुर्ची मिळते. ईरा एकाच वेळी फेलुदा आणि तोपशे आहे, अवघड काम.

खाकीघर

एक विनंती. शेवटी सूक्ष्मदर्शक कोणी नेला हे ईराला कळलं की तिने थेट त्याच्या घरी एकटीने जाऊन "मला सगळं कळलंय" म्हणू नये. प्रत्येक पुस्तकात जातात. आणि चुकीच्या माणसाचं नाव घेऊन बसली तर त्याचं काय होतं तेही कधीतरी लिहा. आजकाल पोरं नाही, मोठी माणसंसुद्धा फोनवर बसून कोणालाही गुन्हेगार ठरवतात.

शाईडाग

तिने एकदा चुकीचं नाव घेतलेलं आहे, प्रकरण चौदा. त्याची माफी मागण्यात एक अख्खं प्रकरण गेलंय. ते मात्र पहिल्या खर्ड्यापासून जमलं होतं, का कोण जाणे.

नवं पहिलं प्रकरण काल लिहिलं. त्यातला एक तुकडा टाकते. भाषा कशी वाटते सांगा, विशेषतः दप्तर.

*"अर्ध्या तासात आणून देते, काका."*

*काकांनी दोरा बांधलेला चष्मा कपाळावर सरकवला, जुडग्यातून किल्ली काढली आणि ती देण्याआधी मुठीत धरून ठेवली. "अर्धा तास म्हणजे तुझा की घड्याळाचा?"*

*"घड्याळाचा."*

*मी खोटं बोलत नव्हते. निदान तेव्हा तरी नाही. आत दिवा लावला, ब्युरेट भरली, पहिल्यांदा रंग उडालाच नाही, दुसऱ्यांदा इतका उडाला की वाया. तिसऱ्यांदा फोटो काढला आणि सानूला पाठवला. तिचं उत्तर आलं: तुझा हात दिसतोय फोटोत, नखं खाणं सोड.*

जुनी_वही

"अर्धा तास म्हणजे तुझा की घड्याळाचा" खासच. काका आवडले. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

मागोवा

नखांचा विनोद फोटोच्या पाठोपाठ बरोबर बसलाय. कपाटाचा उल्लेखही नाही, उत्तम. पण खोलीचं वर्णन करताना आधीच कुठेतरी कपाट ब्युरेटच्या मागे आहे हे येऊ द्या, म्हणजे हिशोब चुकता.

तिरपा_डोळा

रंग "उडाला" की "आला"? कुठलं टायट्रेशन आहे त्यावर आहे. तपासा. बाकी मी पुस्तक विकत घेणार.

दप्तर

भाषा चालेल. सानू बरोबर बोलते.

ताई, एक विचारू? इथे काकांच्या चष्म्याला दोरा बांधलाय. आणि धाग्याच्या सुरुवातीला उशाखाली जो चष्मा सापडला त्याच्या काड्या चकचकीत आहेत. ईराला वाटतं काका चष्मा विसरले. पण तो चष्मा काकांचा नाहीच आहे ना?

घुबड

...

खाकीघर

मी त्या चष्म्यावर एवढा मोठा प्रतिसाद लिहिला. ठसे, रुमाल, मोजपट्टी. कोणाचा आहे हे बघितलंच नाही.

शाईडाग

दप्तर, तुला व्यक्तिगत निरोप केलाय. इथे पुढे एक अक्षर लिहू नकोस.

दप्तर

वाचला. म्हणजे ग्रंथपाल बाईंचा नाही, बरोबर? ठीक आहे, गप्प बसते.